शून्य, अडतीस

कुडचड्याला, स्टेशनामागे, सगूण मेस्ताच्या शेडमध्ये
बाकावर तीन झाकणं मांडलेली.
माझी ऑस्टिन बॉनेट उघडून उभी,
दातांच्या डॉक्टरपुढे बसावं तशी.

पहिलं कोइमतूरचं, क्रोमचं.
त्यात मला माझं तोंड दिसलं, कानांकडून रुंद.
सगूणनं पान्याच्या टोकानं टिचकी दिली.
"पापड," म्हणाला, आणि सरकवलं बाजूला.
दुसरं काळं, सुरकुतलेल्या रंगाचं,
तेलाच्या बुचाचं भोक भलत्याच टोकाला.
तिसरं स्विंडनहून भाच्यानं धाडलेलं,
कुणाच्या तरी बॅगेतून, फुटबॉलच्या जर्सीत गुंडाळून:
ओतीव ॲल्युमिनियम, पाठीवर नऊ कंगोरे.
त्यावर टिचकी मारली तर
आवाज आत गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.
"हें."

किंमत विचारू नका.
बायकोला मी अर्धी सांगितली आहे.

खाणी चालू होत्या तेव्हा सगूण टिपर उघडायचा,
मी वजनकाट्यावर त्याच टिपरांचे आकडे लिहायचो.
वीस वर्षं आमची ओळख
खिडकीतून हात वर करण्याइतकी.
मग काटा एक दिवस शून्यावर आला
आणि तिथेच उभा राहिला.

जुनं झाकण काढायला नट दोनच.
पण खालचं कॉर्कचं पॅकिंग दगड झालेलं,
चुलीवर करपलेलं धिरडं सोडवावं
तशी सुरी फिरवावी लागली.
आत आठ रॉकर, एका दांड्यावर,
काळ्या तेलात न्हालेले.
झाकण उलटं करून रॉकेलनं पुसलं
तर आतल्या बाजूला, खिळ्यानं कोरलेलं:

0,38

"शून्याला शेपूट कुणी लावलं?" सगूण म्हणाला.
मी ओळखलं ते शेपूट.
माझे वडील प्रिमेर ग्रावपर्यंत शिकलेले,
तांदळाचे किलोसुद्धा असेच लिहायचे,
टिंबाच्या जागी स्वल्पविराम.
टॅपेटची फट आहे ही. मिलिमीटरात.
सगूणचे पंधरा थाऊ, तेच हे,
केसाचाही फरक नाही.

कुणी मेस्तानं लिहून ठेवलेलं,
पुढे जो उघडेल त्याच्यासाठी.
मधे कितीजणांनी उघडलं असेल.
पुसलं कुणी नाही.

नवं बसवलं, किल्ली फिरवली: टक टक टक टक.
बंद कर, बंद कर!
रॉकर आतून डोकं आपटत होते.
सगूणच्या नातीची मातकट चिकणमाती आणली,
आठही डोक्यांवर एकेक गोळी ठेवली,
झाकण लावून हँडलानं इंजिन हातानं फिरवलं.
तिसरी चपटी. सहावी चपटी. बाकीच्या तशाच गोल.
मग पाऊण तास कानस,
आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही.
बाहेरचे कंगोरे तसेच चकचकीत,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

कीस धुण्याआधी सगूणनं खिळा उचलला.
"बरोवं?"
शून्य काढलं त्यानं, आणि हात थांबला.
खिळा माझ्याकडे दिला.
जन्मभर मी टिंबंच दिली होती,
बारा टिंब चार, नऊ टिंब सात,
बोटीत जाणाऱ्या लाल मातीला.
ॲल्युमिनियम मऊ. शेपूट सहज उमटलं,
जरा लांबच.

नवं पॅकिंग, एका अंगाला ग्रीस. नवे रबर.
फीलर गेज आठदा आत, आठदा बाहेर,
दर वेळी तेवढाच अडकून.
नट आवळताना मी जोर केला,
सगूणनं मनगट धरलं:
"घट्ट नको. पुरे इतकं हवं."

सुरू झाली. आवाज एकसारखा,
दूर कुणीतरी शिवणयंत्र चालवत असल्यासारखा.
मागच्या कोपऱ्यात तेलाचा एक थेंब आला.
सगूणनं बोटानं पुसला.
आम्ही दोघं वाकून
त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.